धबधब्यापाशी घेतलेलं नाव

आमच्या आईने, म्हणजे मालूबाईने, उभ्या आयुष्यात वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. बुऱ्हाणपुरात तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, यात नवल काही नाही. पण आमच्या मातोश्री त्यांच्याही पुढच्या. पप्पांचं नाव मोतीलाल. म्हणून घरात मोतीचूर लाडवांना 'ते बारीक बुंदीचे' म्हणायचं. माझ्या लग्नात मोत्यांचा सेट घ्यायला गेलो, तर ही म्हणाली, "भाऊ, ते पांढरे मणी दाखवा," आणि सराफाने काचेचे मणी पुढे ठेवले. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, ही तिची पक्की समजूत. पासपोर्टच्या वेळी साहेबाने "पति का नाम?" विचारलं, तेव्हा नाव सांगायला हिने माझ्याकडे, लेकीकडे, बोट केलं. साहेब म्हणाला, "ये आपके पति हैं?" मला हसावं की रडावं कळेना.

पासपोर्टचा हा उद्योग माझ्या भावाचा, मोहितचा. दापोऱ्याला आमची केळीची बाग आहे. पप्पांनी जन्मभर ती केली, आणि आता त्यांचं डोकं मागे मागे चाललंय. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग घरचा रस्ता, मग माणसं. एकदा गावातल्याच शनवारा चौकात हरवले. ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणायला हात धरला, तर ते हात झटकून पळाले आणि बसखाली जाता जाता वाचले. परका माणूस जवळ आला की ते लांब पळतात. आणि परकं कोण, हे रोज सकाळी नव्याने ठरतं. कधी मी असते, कधी मोहित. आई मात्र कधीच परकी झाली नव्हती. "मालू, पाणी दे." "मालू, इथी बस." तेवढं एक माणूस त्यांच्यापाशी शिल्लक होतं, आणि आई त्याच्याच जोरावर उभी होती. मला म्हणायची, "समदं विसरू दे त्यायले. मी आठवते ना, बस झालं."

मोहित इंदूरला नोकरी करतो आणि लांबून प्रेम करतो. त्याने ठरवलं की पप्पांना थोडंफार कळतंय तोवर जग दाखवायचं. मी म्हटलं, राजघाटावर ने, तापीच्या काठी बसव, त्यांना बरं वाटेल. तो म्हणाला, "ताई, तू ना कभी बड़ा सोचतीच नाही." मोठा विचार म्हणजे बाली बेट. विमान, हॉटेल, धबधबा, सगळं एका पॅकेजमध्ये.

खोटं कशाला बोलू, धबधबा सुंदर होता. हिरव्यागार दरीत पांढरं पाणी कोसळत होतं आणि तुषार थेट आमच्यापर्यंत येत होते. आई नऊवारीचा काष्टा सावरत, माझ्या खांद्याचा आधार घेत पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर हात जोडून उभी राहिली. "मायबाई, केवढं हे पानी," म्हणाली. पप्पा तिच्या शेजारी शांत उभे होते. मोहितने दोघांना धबधब्यासमोर उभं करून फोटो काढला. मग आम्ही तिघांनीही मोबाईलमध्ये डोकी घातली. आईचे डोळे मिटलेले आले होते, दुसरा काढायचा होता. मान वर केली, तर पप्पा जागेवर नव्हते.

पायऱ्यांवर नव्हते, पायवाटेवरच्या दुकानात नव्हते. मोहित वर धावला, मी पायवाटेने. आई तिथेच उभी राहून आजूबाजूला बघत होती, आणि तिलाच ते दिसले. "रश्मे, ते पाहा," तिने मला हाक मारली.

पायवाटेच्या कडेला दोरी बांधली होती. तिच्यापलीकडे दरीचा उतार, आणि उतारावर केळीची झाडं. लावलेली नव्हती, आपोआप उगवलेली. पप्पा दोरीखालून वाकून त्या झाडांत शिरले होते. बागेत करायचे तसेच ते एकेका झाडाची वाळकी पानं ओढून काढत होते, बाजूला नीट ढीग लावत होते आणि खालच्या झाडाकडे सरकत होते. शेवटच्या झाडाच्या खाली काही नव्हतं. फक्त दरी आणि पाण्याचा आवाज. पायाखालची माती तुषारांनी ओली झाली होती. त्यांच्या पायात चप्पल होती.

मोहित आला आणि दोरी ओलांडायला लागला. मी त्याचा शर्ट धरला. "थांब, तुला ओळखलं नाही तर?" सकाळीच हॉटेलात त्यांनी त्याला "तुमी कोनाचे?" विचारलं होतं. तो तिथूनच ओरडला, "पप्पा! इकडे बघा ना! पप्पा, प्लीज!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मीही हाका मारल्या. पप्पा कोणाला म्हणतात हे त्या माणसाला त्या घडीला ठाऊक नव्हतं. आई जीव तोडून ओरडली, "अहो! अहो, इकडे या!" पण 'अहो' हे जगातल्या कोणत्याही पुरुषाला म्हणता येतं. ते पान ओढत राहिले.

मग मोहितने शेवटचा उपाय केला. "मोतीलालजी! ओ मोतीलालजी!" पप्पा चमकले. नाव ओळखीचं होतं, आवाज नव्हता. त्यांनी दोरीपाशी उभ्या त्या दांडग्या पोराकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली. "कोन हाय रे? बागेत येऊ नका, घड कच्चे हायेत," म्हणाले आणि आणखी दोन पावलं खाली सरकले. पाय घसरला. एका बुंध्याला धरून ते कसेबसे सावरले. केळीचा बुंधा तो, किती भार घेणार!

शिट्टी वाजवत एक पहारेकरी आला. मी त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले, तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगत राहिले की जाऊ नका, ते पळतील. तोही बिचारा थांबला. इतकी माणसं आणि इतकी हतबल, मला आमचाच संताप आला.

"आई, तू घे नाव," मी म्हणाले. "तुझा आवाज त्यांना ओळखू येतो."

आईने मान हलवली. "नको गं बाई. अशा जागी? मरनाच्या तोंडाशी उभे हायेत ते, आन् मी नाव घेऊ? माह्या तोंडानं ढकलू त्यायले?"

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "आयुष्य कमी होईल तेव्हा होईल! आत्ता उरलंय किती ते बघ! घे नाव!"

आईने दोरी दोन्ही हातांनी धरली. मग तिने डोळे मिटले आणि हाक मारली. "मोतीलाल! ए मोतीलाल!"

तिला नवऱ्याला नावाने हाक मारायची सवयच नव्हती, मग ती हाक कशी मारतात हे तिला कुठून ठाऊक असणार? तिने ती एकाच माणसाच्या तोंडून ऐकली होती. माझी आजी, पप्पांची माय भागाबाई, दापोऱ्याच्या बांधावर उभी राहून मुलाला तशीच हाक मारायची. लग्न होऊन आलेली आई तेव्हा चुलीपाशी बसून ती ऐकायची. तोच सूर, तोच शेवटी ओढलेला 'लाऽल'.

पप्पा ताठ झाले. त्यांनी वर पाहिलं, आईला पाहिलं, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"आलो वो माय!"

आईने डोळे उघडले. तिने ऐकलं होतं. त्यांनी मालूला नाही, मायला ओ दिली होती. पण मोहित पुढे व्हायला लागला, तसं तिने हातानेच त्याला मागे सारलं आणि पुन्हा त्याच सुरात म्हणाली, "सावकाश ये रे बाप्पा. झाडाले धरून ये. चप्पल काढ आधी."

त्यांनी चप्पल काढली. शहाण्या पोरासारखे एकेक बुंधा धरत वर आले, दोरीखालून वाकले आणि सरळ आईपाशी येऊन तिच्या पदराला हात पुसू लागले. मोहित पायरीवर बसून ढसाढसा रडत होता. मी पहारेकऱ्याचे हात धरले होते, का ते मलाही माहीत नाही.

आईने त्यांना खाली बसवलं, बाटलीतलं पाणी पाजलं. हनुवटी वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मले वळखलं का?" तिने हळूच विचारलं. "म्या मालू हाय."

पप्पा हसले. थाप ओळखलेल्या लहान मुलासारखे हसले. मग इकडेतिकडे बघून, मोहित आणि मी ऐकत नाही ना याची खात्री करून, तिच्या कानाशी वाकले.

"माय," ते मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने कुजबुजले, "म्या इथी हरवलो व्हतो हे मालूले सांगू नको. लई रडते ती."

आईने त्यांच्या केसांतला पाचोळा काढला. धबधब्याचा आवाज इतका होता, की तिचं उत्तर मला तिच्या ओठांवरच वाचावं लागलं.

"नाई सांगत," ती म्हणाली.