वाऱ्याची बाहेरची वाट

मी विटांची एक जुनी जाळी आहे. झाशीत लक्ष्मी ताल या तळ्याकडच्या एका घरात, मागच्या खोलीच्या भिंतीत, छताच्या जरा खाली मला बांधले. माझ्यात छत्तीस भोके होती. त्यातली तीन भोके चिमण्यांनी गवताने बुजवली होती, एकात कुंभारमाशीचे घर होते. बत्तीस मोकळी होती.

मित्रांनो, मला बांधणाऱ्याने तीन गोष्टींचा विचार केला होता. मी पक्की असावे, खोलीतली गरम हवा बाहेर सोडावी आणि दिसायलाही बरी असावे. जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या नक्षीचे पाहुणे कौतुक करीत. हवेचे कोणी केले नाही. ती दिसत नाही.

मग साताऱ्याहून बदली होऊन इंजिनिअर सुभाषचंद्र इथे राहायला आले. साताऱ्यात त्यांना कधी कूलर लागला नव्हता. मे महिन्यात समोरच्या खिडकीत तो बसला. माझ्यातून गारवा निसटतो आणि लू, इथली उन्हाळी झळ, आत येते, म्हणून त्यांनी जयसिंग मिस्त्रीला बोलावले.

"साहबजी, ऐसी बंद की है कि चींटी भी न घुसे," जयसिंग म्हणाला.

मला काही वाटले नाही. सिमेंट ओले होते, एवढे आठवते.

कूलर ओली हवा आत ढकलत राहिला. भिंतींना घाम सुटला. सुभाषचंद्रांच्या वडिलांना, आबासाहेबांना, धाप लागू लागली. इथली हवा त्यांना मानवत नाही, असे ठरले आणि साताऱ्याचे तिकीट काढले गेले. आबासाहेबांना जायचे नव्हते. तिथे घरात कोणी नव्हते.

त्याच आठवड्यात नात उर्वी सुट्टीला आली. ती वास्तुकलेच्या कॉलेजात शिकते. तिने खोलीत तापमान आणि आर्द्रता मोजणारा मापक टांगला. चौतीस अंश, आर्द्रता चौऱ्याऐंशी टक्के.

"बाबा, हवा आत येतेय, पण बाहेर जाणार कुठून?"

"बाहेर गेली तर गारवा जाईल ना!"

"जाऊ दे की. ती गेल्याशिवाय नवी येणार कशी?"

"इंजिनिअर मी आहे, उर्वी."

"म्हणून आजोबांना पार्सल करताय?"

आबासाहेब हसले. मग बराच वेळ खोकले.

सुभाषचंद्रांनी स्वतः छिन्नी हातात घेतली. निम्मी भोके मोकळी झाली. माझा एक कोपरा फुटला. आता नक्षी वाकडी पडते.

मित्रांनो, घरातले एखादे भोक बुजवण्याआधी ते का ठेवले असेल, हे पाहा. बांधणारा सांगायला येत नाही.

संध्याकाळी कूलर लावला. तासाभराने आबासाहेब म्हणाले, "उर्वे, चादर दे गं."

खोलीत तीस अंश होते. आर्द्रता अठ्ठावन्न टक्के.