मैत्री कुठंय?

पक्षाघाताच्या झटक्यानंतर नंदाबाईंचा उजवा हात महिन्याभरात कामाला लागला, पण डोक्यातून सुटून जायचं ते जायचंच. चहा झाला की नाही, गोळी घेतली की नाही, सगळं लेकीला, संघमित्राला, विचारावं लागे.

त्या सकाळी त्या भानावर आल्या तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या होत्या. हातात दुधाची रिकामी बाटली. घर चिडीचूप.

"मैत्री?"

नऊ महिन्यांची नात ओ थोडीच देणार! पाळण्यात नाही, पलंगाखाली नाही. छातीशी तिची ऊब अजून जाणवत होती. म्हणजे पोर आपल्याच कडेवर होती. मग ठेवली कुठं?

बाथरूमचं दार उघडं होतं. मरोळच्या त्या इमारतीत पाणी सकाळी तेवढं यायचं, म्हणून पिंप काठोकाठ भरलेलं. झाकण बाजूला पडलं होतं. नंदाबाई पिंपाजवळ गेल्या. आत बघायचा धीर होईना. शेवटी डोळे मिटून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला, तळ चाचपला.

नुसतं पाणी.

तशाच निथळत्या हातानं त्यांनी समोरच्या विमलाताईंचं दार बडवलं.

"काय झालां गो?"

"माझी नात... मीच कुठंतरी ठेवली गं. आठवतच नाही!"

विमलाताईंनी संघमित्राला फोन लावला. नंदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. लेकीला काय सांगायचं?

"आई, ती माझ्याकडेय," फोनमधून आवाज आला. "लसीच्या डोसाला आणलीय ना! तूच टोपी घालून माझ्याकडे दिलीस. टाटा पण केलास."

नंदाबाईंना त्यातलं काहीच आठवेना. पोर सुखरूप होती, तरी त्या भिंतीपासून उठल्या नाहीत.

लेक घरी आली, नेहमीसारखं मैत्रीला पुढं केलं. नंदाबाईंनी हात पदराखाली घेतले.

"माझ्यापाशी एकटी सोडू नकोस तिला. आज पिंपात नव्हती. उद्याचं मी काय सांगू?"

सोमवारपासून संघमित्रा कामावर जाताना मैत्रीला विमलाताईंकडे ठेवू लागली. नंदाबाईही तिथंच जाऊन बसत. पोर रांगत आली की मांडीवर घेत, पण आधी विचारत, "विमलाताई, तू इथंच आहेस ना?"