सतरावे घर माझे नव्हते

मित्रांनो, मी एक जुना बफर आहे. तारिहाळच्या एका कारखान्यात पत्रा दाबणारी प्रेस आहे. तिच्या कंट्रोल बोर्डाच्या मेमरीत मी राहतो. प्रेस चालवणाऱ्याचे नाव सांभाळणे, एवढेच माझे काम.

माझा जन्म वेदश्रीच्या सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये झाला. तिने माझ्यापुढे सोळा लिहिले. कंपायलरने प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतानाच माझी सोळा घरे मोजून बांधली. एका घरात एक इंग्रजी अक्षर, आणि नाव संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य. त्यानंतर मला एक घरही वाढवता येत नाही, गर्दी झाली तर ओरडताही येत नाही. भिंतीला लागूनच माझा शेजारी आहे, एकाच घराचा. त्याच्यात एक असेल तर सुरक्षेची जाळी उघडताच प्रेस थांबते. शून्य असेल तर थांबत नाही.

मंगला, रामू अशी आखूड नावे येत राहिली. सगळे माझे कौतुक करीत. मग श्रीलक्ष्मी प्रेसवर आली. सुपरवायझर सुमंतने तिचे नाव भरले.

"काय रे, नुसतं नाव? मी तुझ्या वर्गात होते काय?"

"चुकलो. अक्का लावतो."

श्रीलक्ष्मी, मधली जागा, अक्का. इंग्रजीत सोळा घरे भरली. खुणेचे शून्य शेजाऱ्यावर पडले. मला कळत होते, सांगणार कुणाला?

दुपारी पत्रा अडकला. अक्काने जाळी उघडून हात घातला आणि प्रेस खाली आली. हात निघाला, हातमोजा आत राहिला.

वेदश्री धावत आली. नाव भरणाऱ्या फंक्शनमध्येच तिने 'साइझऑफ'कडून माझे माप मागितले. पण त्या फंक्शनकडे माझा फक्त पत्ता होता. कंपायलरने पत्त्याचे माप दिले, चार; त्यातले एक घर शून्याला गेले. पडद्यावर तीनच अक्षरे उरली.

"वेदश्रीताई, अक्का गेली, लक्ष्मीही गेली," सुमंत म्हणाला. "श्रीसुद्धा पुरी नाही."

मग तिने मला जिथे बांधले होते तिथेच माप विचारले. उत्तर आले सोळा. ते तिने पत्त्यासोबत फंक्शनला दिले आणि शेवटचे घर शून्यासाठी राखले. पडद्यावर अक्काचे शेवटचे अक्षर गळाले.

"असू दे," श्रीलक्ष्मी म्हणाली. "अक्का तुटली तर चालतंय. बोटं तुटायला नकोत."

मित्रांनो, पत्त्यावरून घर केवढे ते कळत नाही. काही भरण्याआधी आमचे माप विचारा. आम्हाला आतून हाक मारता येत नाही. मी अजून सोळाच घरांत कोंडलेला आहे. शेजाऱ्यात मात्र पुन्हा एक आहे, आणि जाळी उघडली की प्रेस थांबते.