बाळाची पहिली गोधडी

गोजरच्या बोटांचा वैशाखरे गावात दरारा होता. कापडाला नुसता हात लावला की सूत कोणतं, वीण घट्ट की विरळ, सांगून मोकळी. म्हणूनच लेक अनिताला दिवस गेले तेव्हा मुरबाडच्या बाजारातून कोरं सुती लुगडं आणताना तिने दोरा जाळून पाहिला नाही. तिला कोण फसवणार!

लुगडं मिरवायला नव्हतंच. बाळाची पहिली गोधडी आजीच्या अंगावर विरलेल्या लुगड्याची, ही घरची रीत. कोरं सूत बाळाला बोचतं. घामाने आणि धुण्याच्या दगडावर आपटून ते मऊ होतं. पण गोजरच्या पेटीत साऱ्या आहेरातल्या गुळगुळीत साड्या, घामाचा थेंब न पिणाऱ्या. मग हे कोरं लुगडंच ती रोज शेतात नेसू लागली.

"गोजर म्हातारपनी नटते गो!" बाया हसल्या.

हसू देत बापड्या. पण लुगडं काही विरेना. धुतलं की झटकन वाळायचं, वर बारीक गोळे धरायचं. अनिताला नववा लागला तशी गोजर घाबरली. एका सकाळी चुलीपाशी बसून तिने पदराचा दोरा उपसला आणि निखाऱ्याला लावला. सुताची कशी भुरभुरीत राख होते. हा आक्रसला आणि टोकाला काळा कडक मणी धरला. निम्मं पॉलिस्टर! दुकानातल्या खळीने तिच्या बोटांना बनवलं होतं. गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगीच नाही. तिला रडूच कोसळलं.

नवरा कुंडलिक दारातून बघत होता. गावात धोतर नेसणारा तो शेवटचा गडी. जावयाने हौसेने पँट शिवून दिली, ती तशीच खुंटीला लटकत होती.

"माजं जुनं धोतर घे," तो म्हणाला.

"बाप्याच्या कापडाची गोधडी कुनी शिवली का कदी?"

"नाय शिवली, तर तू शिव."

गोजरने धोतर उजेडात धरलं. एक धागा वर, एक खाली, अशी साधी वीण; नेसून नेसून इतकी विरळ की पलीकडचा हात दिसावा, पण उसवलेली कुठे नाही. या वेळी तिने दोरा जाळला. फुंकर मारली आणि राख उडून गेली.

एका धोतराचे थर पुरेनात. कुंडलिकने अंगावरचंही सोडून दिलं आणि मुकाट्याने पँट चढवली.

बारशाला शहापूरहून विहीण ताराबाई आली. पाळण्यात नातू गाढ झोपलेला. तिने गोधडीवरून हात फिरवला.

"काय मऊ हाय! तुमचं लुगडं का, विहीनबाई?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. गोजरने जन्मात नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. तिने दाराकडे पाहिलं. पँटीत अवघडून उभा असलेला तो माणूस तिला त्या घडीला साऱ्या तालुक्यात देखणा वाटला. मान वर करून, अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"नाय. कुंडलिकाचं धोतर हाय."