बारवेतली मरळ

मी मरळ बोलतेय. अंगानं काळी, तोंड सापासारखं, दात बारीक पण पक्के. भोयांच्या तळ्यात माझ्याएवढी दुसरी मरळ नव्हती. फुशारकी नाही, खरं तेच सांगते.

आमची पिल्लं लालभडक असतात. पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा त्यांचा घोळका दिसतो. ती लाल आहेत तोवर आम्ही खालून राखण करतो आणि तोवर भोई आमच्यावर जाळं टाकत नाहीत. ही त्यांची आण. पिल्लं काळी पडली की आण संपते. आमची मायाही तेव्हाच संपते. मग समोर येतं ते पिल्लू वाटत नाही, घास वाटतो. माणसांना हे ऐकवत नाही, पण आहे ते आहे.

निजामाचं राज्य गेल्यावरच्या चौथ्या श्रावणात पिंगळीच्या स्टेशनावर कलकत्त्याहून मातीच्या हंड्या उतरल्या. त्यांत रोहू-कटल्याची जिऱ्याएवढी पिल्लं. बैलगाडीनं ती तळ्यावर आली. मच्छीखात्याच्या साहेबानं धुरपदाबाई भोईणीला बजावलं, "दसऱ्याला बोटाएवढी झालेली दाखवा. नाहीतर तळं दुसऱ्याला जाईल."

भोयांच्या जाळ्यातून ती पिल्लं गळून गेली असती. धुरपदाबाईकडं लुगडी दोन. एक अंगावर ठेवलं, दुसरं चार बांबूंना बांधून पाण्यात झोळीसारखं सोडलं आणि पिल्लं त्यात ठेवली. रोज करडईची पेंड भिजवून चुरायची. अंगावरचं लुगडं अंगावरच वाळवायची. बाया हसायच्या.

"धुरपदे, लुगडं माशांना नेसवलंस. आता तू काय नेसशील गं?"

"तुझ्या नवऱ्याचं धोतर!"

मला त्या झोळीचा वास लागला. माझी पिल्लं तेव्हा लाल होती. राखण करताना लांब जाता येत नाही, पोट रिकामं राहतं. एका सकाळी उडी मारून आत पडले, पोटभर खाल्लं, तशीच बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी धुरपदाबाईचा नवरा आश्रुबा जाळं घेऊन काठावर उभा होता.

"आवं, थांबा! वर लाल दिसायलंय."

"तुझं कलकत्त्याचं बियाणं निम्मं गिळलं तिनं. आन तू तिचीच वकिली करायलीस?"

"लेकुरवाळीवर जाळं टाकू न्हाई, हे तुमच्या मायनंच शिकवलंय मला."

"मग काय हळदीकुंकू करू तिचं?"

"लय तोंड चालवू नका. घागर आणा."

कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिनं पदर पसरला आणि माझा लाल घोळका त्यात उचलला. मी तिच्या मनगटाला कडकडून चावले, रक्त आलं. तिनं पदर सोडला नाही. पिल्लं घागरीत गेली आणि मी आपसूक तिच्या हाताशी गेले. आई धरायला जाळं लागत नाही.

शेतातल्या जुन्या बारवेत तिनं आम्हा सगळ्यांना सोडलं.

"आता हितं मार उड्या," ती म्हणाली.

बारवेतली बेडकं पंधरा दिवसांत संपली. पिल्लांचा लाल रंगही उतरत गेला.

काल दसरा झाला. आज धुरपदाबाई पायऱ्या उतरून आली. झोळीचं लुगडं कुजून चिंध्या होऊन तिच्या खांद्यावर होतं, तरी हसत होती. "बोटाएवढी झाली गं! साहेब बघून गेला. तळं आमचंच राह्यलं." भाकरीचा तुकडा टाकून तिनं मला हात जोडले.

धुरपदाबाई, हात जोडू नकोस. भाकरी मी खात नाही. पाण्यात नीट बघ, एकही पिल्लू लाल उरलेलं नाही. आज पहाटे त्यातलं एक मी खाल्लं. ते माझ्याजवळ आपणहून आलं होतं.

तू आई म्हणून मला सोडलंस. ती आई आता इथं नाही. बाकीची पिल्लं अजून माझ्या मागं-मागं फिरतायत, त्यांना काही कळत नाही.

तुझी आण संपली, बाई. जाळं घेऊन ये.