पहिल्या वर्षाचं सॉफ्टवेअर

पहिल्या वर्षाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग कोणत्या सॉफ्टवेअरवर शिकवायचं, एवढाच बैठकीचा विषय. पण हा विषय शिकवणाऱ्या ताईंचा जीव त्यातच अडकला होता. दरवर्षी निम्मा वर्ग पहिल्याच महिन्यात हाय खायचा. कंपन्यांत वापरतात ते अगडबंब सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर बटणांचा नुसता बाजार, आणि सरावाला पडद्यावर साधी एक गाडी बनवायची तर आधी ओळीच्या ओळी न समजता उतरवायच्या. डोकं नाही असं स्वतःलाच समजून मुलं कोर्स सोडून जायची.

ताईंनी निवडलेलं सॉफ्टवेअर छोटं होतं. 'गाडी' लिहिलेल्या चौकटीवर क्लिक केलं की नवी गाडी समोर हजर. तिला पळवा, थांबवा, शेजारी दुसरी बनवा. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू, हे डोळ्यांनी दिसायचं.

विभागप्रमुख म्हणजे ताईंचा सख्खा धाकटा भाऊ. याच विषयात दोनदा आपटला होता, तेव्हा ताईंनीच घरी बसवून या छोट्या सॉफ्टवेअरवर त्याला तारलं होतं. तो ते विसरला नसेल, एवढ्या भरवशावर त्या बैठकीला गेल्या. खुळ्याच म्हणायच्या!

ताईंनी सगळ्यांसमोर गाडी बनवून पळवून दाखवली. भावानं जरा वेळ पाहिलं आणि हसला. "मॅडम, हा पोरखेळ झाला. कंपनीवाल्यांनी पाहिलं तर काय म्हणतील?"

बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. ताई म्हणाल्या, की सर, तुम्ही स्वतः यावरच शिकलात. त्यावर, मॅडमचा काहीतरी घोटाळा होतोय, असं म्हणून त्यानं ते अगडबंबच कायम केलं आणि पुढचा विषय घेतला. खोटं बोलताना पापणीसुद्धा लवली नाही मेल्याची.

संध्याकाळी स्टाफरूम रिकामी झाल्यावर तो आला. ताईंना वाटलं, आता तरी माफी मागेल. खुर्ची ओढून जवळ बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, यंदा आपली छकुली येतेय पहिल्या वर्षाला, तुझ्याच वर्गात. तिचा पाया तेवढा घरी पक्का करून घे. तुझ्या त्या छोट्यावरच घे हं. मला त्यानंच कळलं होतं."

ताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ओठांवर आलेलं सगळं गिळून त्या म्हणाल्या, "रविवारपासून पाठव."

तो निर्धास्त होऊन निघून गेला. भाचीचा बिचारीचा काय दोष, अशी ताईंनी मनाची समजूत घातली. वर्गातल्या बाकीच्या पोरांचा कोणता दोष होता, ते मात्र त्यांना सापडेना.