तिसरी पिशवी

शहागडच्या खालच्या आळीत जगन्नाथरावांना सगळे नळवाले काका म्हणत, आणि हे नाव त्यांना मनापासून आवडे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तेहेतीस वर्षं काढलेला माणूस. कुणाची मोरी तुंबली, कुणाच्या मोटारीनं पाणी ओढायचं सोडलं, की आधी काकांना बोलावणं. काका यायचे, कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि काठीच्या टोकानं दाखवायचे: इथं खण, ते उघड, हे आवळ. स्वतः हात म्हणून लावायचे नाहीत. पण त्यांचं निदान कधी चुकत नसे, हेही खरंच.

त्या सप्टेंबरात सकाळी नऊच्या सुमाराला रिक्षावरचा भोंगा आळीतून फिरला. वरच्या धरणातून पाणी सोडलंय, दुपारपर्यंत घरं रिकामी करा. लोक कागदपत्रं, भांडी, म्हातारी माणसं गोळा करायला धावले. काका मात्र एकदम तरतरीत झाले. एवढी मोठी परीक्षा, आणि सगळा पेपर त्यांना आधीच येत होता!

आधी त्यांनी गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घेतली.

"अहो, आपण निघालोय, आणि पाणी कशाला भरताय?" काकांच्या पत्नी शरयूताई म्हणाल्या.

"रिकामी टाकी वाऱ्यानं हलते. आणि परत आल्यावर नळाला गढूळ पाणी येईल, तेव्हा काय पिशील?"

टाकीखालचा कॉक बंद, रस्त्याच्या नळाचा कॉक बंद, गिझर बंद. मोटार सोडवून माळ्यावर. मग खताच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून, वर प्लास्टिक गुंडाळून तीन गच्च गोळे तयार केले. पूर आला की नदी दारातून येण्याआधी संडासातून येते, हे काका आळीला दहा वर्षं सांगत होते. एक पिशवी संडासाच्या भांड्यात बसवली, दुसरी न्हाणीतल्या मोरीवर.

तिसरी होती चेंबरसाठी. काकांच्या अंगणात कोपऱ्यात चेंबर होतं. त्यात दोन घरांचे पाइप येऊन मिळत, काकांचा आणि शेजारच्या रायभानचा, आणि तिथून एकच मोठा पाइप नाल्याकडे जाई. रायभानची मेंढरं होती, थोडी शेती होती. सहा वर्षांपूर्वी त्यानं घरात संडास बांधला, तेव्हा त्याचा पाइप आपल्या चेंबरला जोडायची परवानगी काकांनीच दिली होती. उभं राहून, काठीनं दाखवून जोडून घेतला होता. नाल्याकडच्या त्या तोंडात पिशवी कोंबली की दोन्ही घरांचं काम एकदम झालं असतं.

पण तोवर काकांची आंघोळ झाली होती. पांढरा सदरा अंगात होता. चेंबरचं सिमेंटचं झाकण उचलायला दोन माणसं लागतात, आत हात घालायचा म्हणजे कोपरापर्यंत घाण. शरयूताई गाडीत बसून हॉर्न वाजवत होत्या. जालन्याहून लेकीचा, गंधालीचा, चौथा फोन येऊन गेला होता. काकांनी तिसरी पिशवी ओट्यावर ठेवली आणि दाराला कुलूप लावलं.

त्याच वेळी आसराबाई, रायभानची बायको, कुंपणापाशी आली.

"काका, आमच्या संडासाला काही करावं लागतं का? तुम्ही तुमच्याकडं काय काय करून राह्यले, म्हणून इचारलं."

काकांची नजर ओट्याकडे गेली. नुसतं खरं सांगायचं होतं, बाकी काही नाही.

"छे, तुमच्याकडे कुठं एवढं फिटिंग आहे!" ते हसून म्हणाले. "बिनधास्त जा."

"आणि ज्वारी? पाच कट्टे हायेत. वर चढवू का? हे मेंढरं घेऊन माळावर गेलेत. मी न् मनीषा दोघीच हाव."

"रस्ता ओलांडून पाणी येत नाही. मागच्या मोठ्या पुरालाही आलं नव्हतं. उगीच कंबर मोडून घेऊ नका."

"मंग बरंय," आसराबाई म्हणाली. तिनं लेकीला हाक मारली, आणि दोघी एकेक गाठोडं घेऊन वरच्या शाळेकडे निघाल्या. काकांच्या शब्दावर तिनं ज्वारी जमिनीवरच राहू दिली.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि काका परतले. गाडीतून उतरतानाच त्यांनी रस्ता पाहिला. कडेला गाळाची रेघ होती, रस्ता कोरडा. म्हणजे अंदाज अगदी बरोबर! काकांची छाती फुगली. ते घरात गेले आणि संडासातली पिशवी ओढून काढली. भांड्यातलं पाणी नितळ होतं, जसं सोडून गेले होते तसंच. त्यांचं जोतं चार पायऱ्या उंच. पाणी तिथवर चढलंच नव्हतं. या दोन्ही पिशव्यांची गरजच नव्हती.

मग शेजारून वास आला.

रायभानचं घर जुनं. रस्त्यावर दरवेळी नवा सिमेंटचा थर पडत गेला आणि घर खाली राहिलं. उंबरा रस्त्याला लागून, पण आतली जमीन दीड हात खोल. नदी उंबऱ्याबाहेरच थांबली होती. आत आली ती पाइपातून, चेंबरमार्गे, संडासातून उलटी. रायभान घमेल्यानं काळं पाणी उपसत होता. मनीषा नाकाला पदर लावून गोधड्या बाहेर टाकत होती. पाच कट्टे फुगून फुटले होते, आणि त्या ज्वारीकडे बघवत नव्हतं.

"मेंढरायलाही घालता येत न्हाई आता," रायभान म्हणाला. "वरसाचं खाणं गेलं काका."

"पाणी... दारातून आलं का रे?" काकांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं. त्याचीही नंतर त्यांना लाज वाटत राहिली.

"कुठून आलं देवाला ठाऊक. दार तर कोरडं हाये."

आळीतली चार माणसं जमली होती. शरयूताई चहाची किटली घेऊन आल्या. काका हातात कोरडी काठी धरून उभे होते, आणि पहिल्यांदाच त्या काठीनं काय दाखवावं हे त्यांना सुचत नव्हतं. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. पाइप जमिनीखाली, झाकण बंद. नदीवर सगळं ढकलता आलं असतं, नदी काही बोलायला येत नव्हती.

तेवढ्यात आसराबाई काकांच्या ओट्याकडे गेली आणि तिसरी पिशवी कडेवर घेऊन आली. कोरडी ठणठणीत.

"काका, ही तुम्ही आमच्यासाठीच ठिवली व्हती ना?" ती म्हणाली. "आता ध्यानात आलं. गडबडीत तुम्ही सांगितलं असन, मलाच समजलं न्हाई. माझ्याच डोक्यात भुसा." आणि ती जमलेल्या माणसांकडे वळली. "काकांनी आमचा बी इचार केल्ता. आम्हीच येडे."

"त्यांचं असंच आहे," शरयूताई कौतुकानं म्हणाल्या. "स्वतःआधी दुसऱ्याचं."

काकांना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चोराच्या गळ्यात कुणी हार घालावा तसं ते झालं होतं, आणि हार घालणारीच्या घरात गुडघाभर घाण होती.

"नाही, आसराबाई," ते म्हणाले. "तुमच्यासाठी नव्हती. चेंबरच्या तोंडात घालायची होती. घातली असती तर तुमच्याकडं थेंबही आला नसता. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं. अंगावर धुतलेला सदरा होता, झाकण जड, आत घाण. म्हणून नाही घातली."

शरयूताईंनी किटली खाली ठेवली. रायभानच्या हातातलं घमेलं तसंच थांबलं.

आसराबाईनं पिशवी हळूच जमिनीवर टेकवली. ती रागावली नव्हती. तिला खरंच कोडं पडलं होतं.

"मंग सांगायचं व्हतं ना काका," ती म्हणाली. "झाकण मी न् मनीषानं उचललं असतं. हात बी मीच घातला असता. तुमच्या सदऱ्याला डाग लागू दिला असता का आम्ही?"

एवढं बोलून ती पुन्हा घरात उपसायला गेली.

काका आपल्या अंगणात आले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पहार घेतली आणि चेंबरच्या झाकणाच्या फटीत घातली. रायभानच्या घरातल्या पाण्याला गाळानं तुंबलेल्या पाइपातून वाट करून द्यायला हवी होती. मदतीला कुणी आलं नाही, आणि त्यांनी हाकही मारली नाही. पाय रोवून त्यांनी जोर लावला.

झाकण पहिल्याच हिसक्याला निघालं. दोन माणसं लागतात म्हणून ते सहा वर्षं सांगत आले होते.